तुझ्या ठमीने माझ्या दोन गाद्या घाण केल्या

सुमन,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच सुमन. आज तुझं मांजर कायमचं सोडून यायला निघाले होते. ते जमलं नाही, आणि भांडायला समोर तू नाहीस. म्हणून हे पत्र.

तुझ्या तेराव्याला तुझ्या शेजारच्या कुंदाने ठमीला पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. म्हणे, "मांजर माझ्या ताईलाच द्या, असं सांगून गेल्यात." मला विचारलं होतंस? मी जन्मात मांजर उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, हे तुला ठाऊक नव्हतं?

तरी कर्जतला आणलं. दुकानातून तिच्या शी-शूसाठी लिटर बॉक्स आणला, वर सुवासिक वाळू. दिवसातून दोनदा फिनेलने धुतला. अजून काय करायचं होतं? ठमी काठावर उभी राहून हुंगायची आणि सरळ आमच्या अंथरुणावर जायची. दोन गाद्या गेल्या. काल ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टांवर गेली. हे म्हणाले, "तुझ्या बहिणीचीच ती. तुझं कशाला ऐकेल?"

आज सकाळी तिला टोपलीत कोंबून तुझं गाव, लोधिवली गाठली. टोपली कुंदाच्या ओटीवर ठेवली आणि म्हटलं, "ठेवून घे, नाहीतर बाजारात सोडते."

"फिनेल?" कुंदा म्हणाली. "अवो, त्या वासानं मी पन तिथं बसनार नाय. घमेल्यात भाताचा तूस घालायचा. सुमनताई गिरणीतून गोणी आनायच्या. तवाच सांगत होते, तर तुमी म्हनालात, मांजराचं काय शिकवतेस मला."

म्हणाले असेन.

"शेवटी त्यांना गोणी उचलवत नव्हती. दम लागायचा. मीच आनून द्यायचे."

मला का कळवलं नाही, असं मी तिला जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"त्यांनी केलता की फोन तुमाला. म्हनाल्या, कुंदे, मी तोंड उघडायच्या आत ताईचं सुरू. चालायला जा, पाणी पी, लवकर झोप. मग मी आपलं बरं म्हटलं."

तो फोन मला आठवतो. 'बरं' कसलं, सुमन? ओरडायचंस माझ्यावर. लहानपणी पाटी फेकून मारायचीस मला, तेव्हा नाही भ्यालीस. मी ऐकून घेतलं नाही, मान्य. पण एकदा फोन करून तू गप्प बसलीस आणि मरून गेलीस. दुसऱ्यांदा करायला काय झालं होतं? याचा राग माझ्या मनातून जाणार नाही.

येताना गिरणीतून तुसाची गोणी आणली. घमेलं नुसत्या पाण्याने धुतलं. दुपारी ठमीने त्यात उकरलं, काम उरकलं, वर तूस लोटला आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेली.

मांजर राहील. आणि येत्या रविवारी मी पुन्हा कुंदाकडे जाणार आहे. तुझे शेवटचे महिने कसे गेले, ते तिला विचारेन. ती थांबेपर्यंत मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुझ्यावर रागावलेली,
ताई