रेघेपर्यंत

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आधी माफी. जूनमध्ये आई गेली तेव्हापासून ही वही उघडली नाही. लिहायला काही नव्हतं असं नाही. एकटं बसून लिहायची धास्ती वाटत होती, एवढंच खरं. आज लिहितो, कारण बातमी चांगली आहे. लातूर सोडलं. सोळा वर्षं तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवलं, शेवटी कॉलेजने विषयच बंद केला. आणि आता शेहेचाळिसाव्या वर्षी पुण्यात, वाघोलीला, नवी नोकरी मिळाली. खोली चौथ्या मजल्यावर, भरपूर उजेड. समोरच्या गच्चीत कोणीतरी रंगाच्या डब्यांत कढीपत्ता लावलाय. ऑफिस चालत बारा मिनिटांवर.

काम असं आहे. हृदयाच्या धमनीत बारीक नळी घालून आतून चित्रण करतात. पडद्यावर धमनीचा आडवा छेद दिसतो: मधे काळी पोकळी, भोवती राखाडी कडी. पोकळीत रक्ताची गुठळी दिसली की तिच्याभोवती माउसने रेघ ओढायची. माणसांनी ओढलेल्या अशा हजारो रेघा पाहून संगणक स्वतः गुठळ्या ओळखायला शिकतो. डीप लर्निंग म्हणतात ते हेच. पेशंटचं नाव दिसत नाही, फक्त वय, स्त्री की पुरुष, आणि महिना. ते कोण, हे शोधायचं नाही, हा पहिला नियम. आमच्या प्रमुख डॉ. राजनंदिनी यांनी हसत सांगितलं की मधूनमधून जुनीच फाइल न सांगता पुन्हा देतात, माणूस स्वतःच्याच मताशी किती जुळतो ते बघायला. मला ही पद्धत आवडली. सोळा वर्षांत माझं काम इतकं नीट कोणी तपासलं नव्हतं.

६ नोव्हेंबर

शेजारच्या टेबलावर प्रेमलाताई बसतात. एकोणपन्नास वर्षांच्या, कर्वेनगरहून दोन बस बदलून येतात. माझा डबा बघून म्हणाल्या, अहो वैजनाथराव, ही पोळी आहे की मराठवाड्याचा नकाशा? आणि स्वतःच्या दोन पोळ्या माझ्या डब्यात टाकल्या. दिवसभरात माझ्याशी कामापलीकडे बोलणाऱ्या त्या एकट्याच. रविवारी तर मी कोणाशीच बोललो नाही, हे सोमवारी आवाज बसलेला निघाला तेव्हा कळलं.

आज सांगत होत्या, मार्चमध्ये छातीत जळजळलं म्हणून त्यांचीही हीच तपासणी झाली. नळी आत असताना नेमकी शिंक आली, चित्र उडालं, डॉक्टर खेकसले. निघालं काय, तर पित्त. ते चित्रण त्यांनी सही करून आपल्याच ऑफिसच्या संग्रहाला दिलंय. म्हणाल्या, माझ्या सासूला तर तिथे हृदय आहे हेच कधी मान्य नव्हतं, आता पुरावा आहे.

११ नोव्हेंबर

फाइल ३१८. भिंतीला चिकटलेली, मसुरीच्या दाण्याएवढी सावली. गुठळी की नुसती सावली, अर्धा तास ठरेना. गुठळी सुटण्यापेक्षा जास्त दाखवलेली बरी, म्हणून गुठळी धरली आणि रेघ थोडी बाहेरूनच ओढली. माझी रेघ नेहमी खाली डावीकडून सुरू होते आणि शेवटी तिला बारीक शेपटी राहते. ही सवय मोडत नाही. घरी येताना विचार करत होतो, याला काळजी म्हणायचं की भित्रेपणा?

१४ नोव्हेंबर

३१८ पुन्हा आली. तपासणीची फाइल आपण ओळखली, म्हणून आधी बरं वाटलं. पण गुठळी आता मी मंगळवारी ओढलेल्या रेघेपर्यंत भरलेली दिसली. तेव्हाही एवढीच असेल, मलाच कमी दिसली असेल. आजही रेघ जरा बाहेरूनच ओढली.

१८ नोव्हेंबर

३१८. परत. आणि परत रेघेपर्यंत भरलेली, एक धागाही अलीकडे-पलीकडे नाही.

आज कडेची माहिती वाचली. स्त्री, ४९, मार्च. चित्रण पुढे नेलं. मधे सात-आठ चित्रं एकदम उडतात, वर-खाली होतात, मग स्थिर.

शिंक.

शेजारी प्रेमलाताई शेंगदाणे खात फोनवर कोणालातरी झापत होत्या. मी फाइल बंद केली.

१९ नोव्हेंबर

राजनंदिनी मॅडमना विचारलं. म्हणाल्या, या महिन्यात एकही फाइल पुन्हा दिलेली नाही. नोंदीत ३१८ माझ्याकडे एकदाच आली आहे, अकरा तारखेला. मार्चमधल्या चित्रणातली गुठळी नोव्हेंबरात वाढेल कशी, तुम्ही विज्ञान शिकवलंय ना? चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

तपासला. तोच आहे.

२१ नोव्हेंबर

३१८. आज काहीच ओढलं नाही. ‘गुठळी नाही’ नोंदवलं. थोड्या वेळाने संगणकानेच रेघ ओढली. खाली डावीकडून. शेवटी शेपटी.

माझ्याकडून शिकलाय, माझ्यासारखीच ओढणार, हे स्वतःला समजावलं. त्याची रेघ मान्य की अमान्य, हे मी ठरवायचं. चोवीस तासांत ठरवलं नाही तर ती मान्य धरतात. माझा हात पुढे होईना. तशीच सोडून आलो.

२४ नोव्हेंबर

भरली. अर्धी पोकळी. मी सोडून आलो म्हणून.

नवी रेघ तयार होती. अमान्य केली.

२५ नोव्हेंबर

वाढली नाही. पहिल्यांदाच. म्हणजे रोज अमान्य करत राहायचं — मी इथे आहे तोवर. आणि मी आजारी पडलो तर? आजचीही अमान्य केली.

प्रेमलाताई जिन्यात दोनदा थांबल्या. छातीवर हात. म्हणाल्या, बघता काय, पित्त आहे.

२६ नोव्हेंबर

आधी रेघ अमान्य केली. मग त्यांना सगळं सांगितलं. आजच तपासून घ्या म्हणालो. त्या हसल्या. मग हसू गेलं. म्हणाल्या, माझी फाइल हुडकून काढलीत? एकट्या माणसाने शेजारच्या बाईच्या हृदयात इतकं डोकावू नये. डबा उचलून पलीकडच्या टेबलावर गेल्या.

त्यांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या जिवासाठी सांगितलं, की कोणीतरी माझ्याशी बोलत राहावं म्हणून —

२७ नोव्हेंबर, सकाळ

दहा वाजता ३१८ उघडली. रेघ अख्ख्या पोकळीभोवती. आत काहीच मोकळं सोडलेलं नाही.

अमान्य दाबणार तोच पडदा बंद. मॅडमनी बोलावलं. पेशंटची ओळख शोधली, त्याच बाईला जाऊन सांगितलं — प्रवेश बंद. एकदाच दाबू द्या म्हणालो. नाहीतर तुम्ही दाबा. एकाला दिलेली फाइल दुसऱ्या कोणी बदलायची नाही, पद्धतच तशी आहे, म्हणाल्या.

उद्या दहाला चोवीस तास —

दुपार

प्रेमलाताई आज रजेवर. पत्ता मागितला. नाही देत. मला कोण देईल.

फोन. चौथ्यांदा उचलला. आवाज बारीक. पित्तच आहे, उद्या येणार आहे ऑफिसला, आणि पुन्हा फोन केलात तर पोलिसात — ठेवला. आता लागतच नाही.

घर माहीत नाही. सातची बस पकडतात, थांबा माहीत आहे. एवढंच.

इथे माझ्याशी बोलणारं एकच माणूस. उद्यानंतर तेही बोलणार नाही. चालेल. नाही बोललं तरी —

उद्याचं काम: सातच्या आधी कर्वेनगरच्या थांब्यावर उभं राहणे. त्या ओरडल्या, लोक जमले, मला मारलं तरी, दहाच्या आत प्रेमलाताईंना हॉस्पिटलात नेणे.