‘उठावंसं’मधला उ

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस आजोबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

जाताना तू माझ्या मोबाइलवर जे अ‍ॅप बसवून दिलंस, त्यावर तुझ्या कविता येऊ लागल्या आणि म्हाताऱ्याला पंख फुटले! ‘सकाळी ऊठावंसं वाटत नाही, खिडकीसुद्धा जड झाली.’ वा! मी तिथल्या तिथे दुरुस्ती पाठवली, मिळाली ना? ‘उठावंसं’मधला उ ऱ्हस्व, हे तुला चौथीपासून कानीकपाळी ओरडून सांगतोय. दुसऱ्या ओळीअखेर ‘गं बाई’ घाल, मात्रा जुळतात. बागेतल्या बाकावर म्हणून दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचा कुजकट मित्र म्हणाला, पोरगी आजोबांवर गेली, आता अभ्यासाचं कठीण आहे!

हल्ली मात्र नुसतं ‘ठीक’ येतं. प्रतिभा आटली की काय?

लोभ आहेच, तो ऱ्हस्व होऊ देऊ नकोस.

तुझा आजोबा

ता. ९ फेब्रुवारी

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

त्या कविता नव्हत्या, आजोबा. ते अ‍ॅप विद्यापीठाचं आहे, मुलांच्या मनाच्या तब्येतीसाठी. रोज विचारतं, आज कसं वाटतंय? आपण खरं लिहायचं. ते घरच्या एकाच माणसाला दिसतं. आई घाबरली असती, बाबांनी घरी बोलावलं असतं, म्हणून तुम्हाला निवडलं.

दुरुस्ती आली तेव्हा आधी हसले, मग लाज वाटली. रडगाणंसुद्धा मला धड लिहिता येत नाही. तेव्हापासून ‘ठीक’वर बोट ठेवते, ते तरी शुद्ध असतं. वर्गात जात नाही. समुपदेशक बाई बोलावतात, तिथेही पाय उचलत नाही.

रागावू नका. लोभ असू द्या.

तुमची ठमी

ता. १३ फेब्रुवारी

चि. ठमीस,

पत्र वाचून चष्मा पुसत बसलो. काच स्वच्छच होती. जन्मभर पोरांकडून भावार्थ लिहून घेतला आणि नातीचं साधं वाक्य मला कळलं नाही. वर ‘गं बाई’! बाकावर सगळ्यांना खरं सांगितलं. मान वर होईना. कुजकट एवढंच म्हणाला, मास्तर, इथे काय बसलाय?

बाईंना भेट. एकटीला जमत नसेल तर मी येतो. दाराबाहेर बसेन, चकार शब्द काढणार नाही. आणि लिही, वाट्टेल तसं लिही. ते ‘ठीक’ मात्र आता वाचवत नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

आजोबा

ता. १६ फेब्रुवारी, अ‍ॅपवर

आज ऊठले. बाईंकडे जायचंय. तूम्ही या.

निघालो.