दोन प्लेट पोहे

११ ऑगस्ट, सोम.
सकाळी पोहे. अ‍ॅपला पोहे माहीत आहेत, वरची शेव माहीत नाही. ती वेगळी लिहावी लागते. बाबा म्हणाले, "शेव काय खाणं आहे का? ती तर मिठासारखी." सगळं इंदूर असंच म्हणतं आणि मग पँट घट्ट होते. मी चमच्याने मोजून लिहिली.
आईचंही ताट अ‍ॅपवर आलं, पुण्याहून. पोहे, शेव, बिनसाखरेचा चहा. होळीनंतर दादाकडे गेली, वहिनीची रजा संपली म्हणून, बाळाला सांभाळायला. तिला शुगर, डॉक्टर म्हणाले रोजचं खाणं लिहा. म्हणून दोघींच्या फोनमध्ये हे अ‍ॅप टाकलं. तिला माझं ताट दिसतं, मला तिचं. फोनवर बोलणं होतं, पण फोनवर बाळच जास्त असतं. ताटात ती एकटी असते.

१४ ऑगस्ट, गुरु.
ऑफिसात काम होतं, टिफिन उघडलाच नाही. दुपार कोरी सोडली. अ‍ॅप सारखं विचारत राहिलं. अंदाजाने भरणं मला जमत नाही. तिसरीपर्यंत आईनेच घरी शिकवलं, माझ्या दम्यामुळे. पाटीवर तिचा एकच कायदा: येत नसेल तर जागा कोरी ठेव, अंदाजाने ठोकू नकोस.
आईचीही दुपार कोरी. घाबरून फोन केला. बाळ झोपत नव्हतं, राहून गेलं, म्हणाली. जेवायचं राहिलं की लिहायचं, ते विचारलं नाही.
बाबा: "गणपतीला येतेय ना ती?" मला विचारतात, तिला नाही. मीही तिला विचारत नाही. मी म्हटलं तर ती येईल आणि तिकडे वहिनीची पंचाईत. तिने आपणहून म्हणावं, असं रोज...

१९ ऑगस्ट, मंगळ.
परदेशीपुऱ्याच्या बाजारात कोवळे भुट्टे मिळाले. कीस केला. आई करते तसाच, दूध घालून, हलवत राहायचं, हात थांबवायचा नाही. तरी खाली लागला. बाबांनी चव घेतली आणि इंदुरी थाटात म्हणाले, "बढिया बन गया भिया. पण तुझी आई..." आणि तिथेच थांबले. एक वाटी लिहिली.
थोड्या वेळाने आईचं ताट आलं. भुट्ट्याचा कीस, एक वाटी.
आज एकादशी. मला कळायला लागल्यापासून एकादशीला तिने मक्याचा दाणा तोंडात घातलेला नाही.
मागचे दिवस उघडून पाहिले. माझं ताक. माझी चमचाभर शेव. गुरुवारची माझी कोरी दुपार. सगळं माझंच, थोड्या वेळाने तिच्या नावावर.

२० ऑगस्ट, बुध.
ऑफिसला निघण्याआधी फोन केला.
"आई, काल काय खाल्लंस?"
"भगर. दाण्याची आमटी."
मग कीस का लिहिलास, विचारलं.
"तू केलेला दिसला. तेच लिहिलं की तुझ्याबरोबर बसल्यासारखं वाटतं, बेटा."
मी चिडले. शुगर, गोळ्या, डॉक्टर, सगळं काढलं. पाटीचा कायदाही काढला. ती ऐकून घेत होती. मागे बाळ रडायला लागलं, तिने फोन ठेवला.
शुगरचं बोलले. दुसरं बोलायचं होतं ते राहिलं.

२२ ऑगस्ट, शुक्र.
आईचं कालचं खरं ताट आलं. सकाळी चहा आणि रात्रीची उरलेली पोळी. दुपारी दहीभात, पुढे लिहिलंय: उभ्याने. रात्री काही नाही, भूक नव्हती. अ‍ॅपमध्ये असं लिहायची जागा तिने कुठून शोधली कोण जाणे. खोटं ताट बरं होतं, असं मनात येऊन गेलं.
बाबांना दाखवलं. चष्मा पुसत बसले. मग, "तिला ये म्हण." तुम्हीच म्हणा, म्हटलं. "मी म्हटलं तर म्हणेल, तुम्हाला जेवायची पडलीय."
संध्याकाळी दादाचा मेसेज: पाळणाघराचं जमत नाहीये, आई दिवाळीपर्यंत राहिली तर बरं. तू सांग तिला, तुझं ऐकते.
हो, माझं ऐकते. म्हणूनच तर...

२४ ऑगस्ट, रवि.
गणपती बुधवारी. मखराचं सामान अजून माळ्यावर.
सकाळी पोहे केले. बाबांना दिले, ते काही लिहीत नाहीत. मी एक प्लेट खाल्ली. अ‍ॅपमध्ये लिहायला घेतलं आणि लिहिलं: दोन. बोट जरा थांबलं होतं. मग दाबलं.
लगेच आईचा मेसेज. "दुसरी प्लेट कुणाची?"
उत्तर लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, पुसलं. दादालाही उत्तर दिलेलं नाही.
नोंद अगदीच खोटी नको म्हणून कढईतले पोहे दुसऱ्या प्लेटमध्ये काढले. शेवेचा डबा उघडला तर बाबा पेपरमागून म्हणाले, "आत्ता घालू नकोस. मऊ पडते, तिला चालत नाही."
प्लेट झाकून ठेवली. डबा शेजारी.