मी वाचवलेली ग्रँट

१२ ऑगस्ट
आजपासून ही वेगळी वही. घरखर्चाच्या वहीत ही भानगड नको.

लेकीच्या सरकारी शाळेला करिअर केंद्रासाठी ग्रँट मंजूर झाली. पहिला हप्ता दोन लाख चाळीस हजार. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला नववीपासून शिकवणार. वर परीक्षा, सर्टिफिकेट, सगळं. पालकांच्या सभेत मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, खजिनदार कोण होतंय असं विचारलं आणि सगळ्या पालकांना एकदम आपापल्या चपला आठवल्या. माझ्या चपला लांब होत्या. मोठ्या बाई म्हणाल्या, ताई, तुम्ही घरचा पैन् पैचा हिशेब लिहिता असं मुलगी सांगत होती. म्हटलं, लिहिते. देवाची इच्छा.

काम तरी किती? चेकवर दुसरी सही माझी. दोन महिन्यांत मोकळी होईन. दहावीला गणितात बासष्ट होते मला.

१३ ऑगस्ट, सकाळी ६
जपाच्या आधी संकल्प सोडला. या ग्रँटमधली दमडीही वाया जाऊ देणार नाही. वर्षअखेर निम्मी तरी शिल्लक दाखवीन. हे म्हणाले, अगं, ते पैसे खर्चायला दिलेत. ह्यांच्या पाकिटात वीस तारखेला काय उरतं ते मला ठाऊक आहे. त्यांचं मत धरलं नाही.

२ सप्टेंबर
केंद्राची खोली पाहिली. जिन्यालगतची, लांबट. खिडकीला गज आहेत, दिव्याची सोय आहे. दार नाही. नुसती चौकट. शिकवायला नेमलेले मोटारीवाले मास्तर सोबत होते. तीस वर्षं मोटारी उघडतायत, नखांतलं ग्रीस आता त्यांच्याबरोबरच जाईल. म्हणाले, वहिनी, आधी दार लावून टाकू, मग सामान आणू.

दाराचं कोटेशन अकरा हजार. अकरा! आमच्या घराची सगळी दारं मिळून एवढी झाली नव्हती, आणि आमची उघडतात पण. थांबू. भाव उतरतील.

१९ सप्टेंबर
मास्तरांची यादी आली. मोटारीत तांब्याची तार गुंडाळायची चार मशिनं, एकेक बत्तीस हजाराचं. म्हटलं, चार कशाला? आम्ही पाच बहिणी एका आरशात वेण्या घालत होतो, एकीचाही भांग वाकडा गेला नाही. मास्तर म्हणाले, वहिनी, आरशाची परीक्षा नसते. इथे चोवीस मुलं आहेत, आणि एप्रिलच्या आत प्रत्येकाचा साठ तास हात बसायला हवा. हुशार माणूस आहे, पण तोंडाने जरा सैल.

घरी येऊन देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. एक मशीन की चार. चार निघाली. पुन्हा टाकल्या. पुन्हा चार. चिठ्ठ्या नीट हलल्या नसणार. तिसऱ्यांदा चांगल्या हलवल्या, एक निघाली. देवाचा कौल इतका स्पष्ट असताना माणसांचं काय ऐकायचं.

६ ऑक्टोबर
फार चांगला दिवस. बंद पडलेल्या छापखान्यातली सहा टेबलं आणि चोवीस स्टुलं मातीमोल भावात मिळाली. भंगारवाल्याकडे तेच मशीन होतं. अठरा सांगत होता, चौदाला पाडलं. हँडल नाही, पण हँडल म्हणजे मशीन नव्हे. बिल मागितलं तर बिचाऱ्याने कॅलेंडरच्या पानामागे लिहून, सही करून दिलं. वर तारीखही छापलेली होती आयती.

केंद्राला दार नाही, तेव्हा सगळं सामान आमच्या पुढच्या खोलीत. आठवडाभराचा प्रश्न.

७ ऑक्टोबर
पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला आता टेबलांखालून वाट आहे. सासूबाई म्हणाल्या, सूनबाई, तुझ्या राज्यात देव नसला तरी वाकावं लागतं. हे बाहेर जाऊन हसले. मी ऐकलं.

१५ नोव्हेंबर
बहिणीच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं. गेले नाही. सरकारी माल घरात टाकून, कुलूप घालून जायचं कसं? हे म्हणाले, मी बसतो राखण. ह्यांच्या भरवशावर मी गॅसवर दूध ठेवत नाही. बहिणीचा फोन आला, ताई, एकदा सांगूनच टाक, सख्खी मी की ती स्टुलं? काय सांगणार? तिच्या नावावर माझी सही नाही, स्टुलांवर आहे.

प्रवास वाचला, आहेर वाचला. वाईट वाटलं. पण वाचला.

१८ नोव्हेंबर
लेक रोज विचारते, आई, दार कधी? परवा तिने घरचा मिक्सर उघडला. ओरडले. जोडला तर पहिल्यापेक्षा कमी आवाज करतो. मास्तर म्हणतात, वहिनी, या पोरीच्या बोटांना मोटार कळते. पंपांचा कारखाना दहावीनंतर दरवर्षी चार मुली घेतो, पण दोन्ही वर्षांचं सर्टिफिकेट लागतं. नववीची परीक्षा एप्रिलमध्ये. ती हुकली की पुढचं सगळंच हुकलं. लेक म्हणते, मला तिथेच जायचंय. म्हटलं, जाशील, तुझी आईच खजिनदार आहे, तुला काय कमी?

दारवाल्याकडे जाऊन आले. अकराचं बारा हजार झालंय. आता तर मुळीच घेणार नाही. थोडं ताणलं की येतात वठणीवर.

५ डिसेंबर
मास्तर म्हणाले, मग तुमच्या घरीच वर्ग घेतो, चार-चार मुलं आणून. हँडल त्यांनी स्वतःच्या पदरचं आणून बसवलं. (खर्चात धरलं नाही. मागितले नाहीत, दिले नाहीत.) दोन दिवस वर्ग झाला. तिसऱ्या दिवशी मीटर पाहिलं. मुलं मोटारी चालवून बघतात ती वीज आमची. तिचं बिल ग्रँटमध्ये बसतं का? कागदात कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेलं नसेल ते करायचं नाही, हा माझा नियम. वर्ग बंद केला.

लेक जेवली नाही. तिला सांगितलं, उपास देवाला चालतो, रागाचा चालत नाही. सासूबाई म्हणाल्या, पोरगी उपाशी राहिली तेवढं धान्यही लिही गं शिल्लक.

लिहिलं नाही. मी तशी नाही.

२० जानेवारी, दुपारी ४
राजीनामा दिला. दोन महिन्यांचं काम, सहावा महिना चालू आहे. शेजारणीकडे हळदीचं बोट लावायला जायचं म्हटलं तरी दहादा खिडकीतून बघावं लागतं. मोठ्या बाईंनी कागद वाचून परत दिला. म्हणाल्या, ताई, चेकवर नमुना सही तुमची. ती बदलायला बँकेला ठराव हवा, ठरावाला सभा हवी, सभेला पालक हवेत. पालक मिळत असते तर तुम्हाला धरलं असतं का?

निघताना म्हणाल्या, मार्चअखेर सगळे पैसे खर्ची पडायला हवेत हं. म्हटलं, माझ्यावर सोडा. मनात हसले. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईही म्हणायच्या, घे गं साखर हवी तेवढी, आणि नंतर डबा उघडून बघायच्या. अशा परीक्षा मला नव्या नाहीत.

१२ फेब्रुवारी
देवळात जाऊन चार महिने झाले. देव सर्वत्र आहे. स्टुलं मात्र एकाच ठिकाणी.

लेक आता दार कधी म्हणून विचारत नाही. समजूतदार झाली.

२६ मार्च
ठेवणीतलं पातळ नेसून मोठ्या बाईंकडे गेले. वही उघडून उभ्यानेच वाचून दाखवलं. मिळाले दोन लाख चाळीस हजार. हत्यारं, तार, जुन्या मोटारी सगळं धरून खर्च एकसष्ट हजार तीनशे पन्नास. शिल्लक एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार सहाशे पन्नास. आणि थांबले.

बाईंनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. मला वाटलं, माझ्यासाठी. सगळं त्याच प्यायल्या. मोठी बिलं मार्चमध्ये येतील असं त्या धरून चालल्या होत्या म्हणे. म्हणाल्या, ताई, एकतीस तारखेनंतर उरलेला पैसा परत जातो. आणि पहिला हप्ता संपला नाही तर दुसरा येत नाही. म्हटलं, म्हणजे उधळ्याला बक्षीस आणि काटकसरीला दंड? त्या म्हणाल्या, घरात उरलेलं आपलं असतं हो. इथे उरलेलं म्हणजे मुलांना न दिलेलं.

मोठ्या बाई शिकलेल्या आहेत, पण त्यांनी कधी संसार केलेला नाही.

अजून पाच दिवस आहेत. वाचवायला सात महिने लागले, खर्चायला पाच दिवस पुष्कळ.

३० मार्च
सासूबाईंना स्टुलावर राखणीला बसवून चार दिवस वणवण केली. दारवाला म्हणाला, तेरा हजार, आणि आठ दिवस लागतील. घासाघीस केली नाही, देवाशपथ. म्हटलं, पैसे आज घे, दार सावकाश दे. तर म्हणाला, ताई, सरकारी काम आहे, दार न देता बिल देऊन मी कुठे अडकू? मशीनवाले म्हणाले, तीन कोटेशनं आणा, मंजुरी आणा, मग सात दिवस.

जन्मभर पैसा हातचा सुटू नये म्हणून जपले. आज तो घ्या म्हणून दारोदार फिरले, कुणी घेईना.

३१ मार्च
पैसे परत गेले.

१७ एप्रिल
तपासणीचे साहेब घरी आले. टेबलांखालून आत येताना त्यांचा चष्मा पडला. स्टुलं मोजली, तेवीस भरली. पुन्हा मोजली, पुन्हा तेवीस. मग सासूबाईंना उठवावं लागलं. त्या म्हणाल्या, मलाही घ्या हो यादीत, मीही जुनी आणि बिनबिलाचीच आहे.

कॅलेंडरचं पान साहेबांनी उजेडात धरून पाहिलं. म्हणाले, बाई, हे बिल नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत माल हलवायचा नाही, वापरायचा नाही. ताबा तुमच्याकडे. इथे सही करा. केली. म्हटलं, आणि माझा राजीनामा? म्हणाले, हिशेब बंद झाल्यावर. तो कधी? माणूस भला, खरं बोलला. म्हणाला, एका शाळेतल्या खजिनदार बाई मध्येच वारल्या, आता ते काम त्यांच्या सूनबाई बघतात.

मला मुलगा नाही. एक काळजी मिटली.

२२ एप्रिल
आज परीक्षा व्हायची होती. मास्तर येऊन गेले. त्यांना दुसरीकडे नेमलंय. लेकीला त्यांनी आपली पक्कड दिली. वापरलेली आहे, पण चांगली आहे. ती पक्कड हातात घेऊन लेक दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. उन्हाळा बाधला असेल. कांद्याचा रस लावला.

८ मे
लेक आपण होऊन मावशीशी फोनवर बोलली. मला न विचारता. तिथल्या सरकारी शाळेत हेच केंद्र आहे. नववीची राहिलेली परीक्षा तिथे दहावीबरोबर देता येते. मावशी म्हणाली, ये, माझी लेक सासरी गेलीय, तिची खोली रिकामी आहे. हे म्हणाले, जाऊ दे तिला. ह्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही ठरवलं, आणि तेही हे.

मी नाही म्हणणार होते. पण नाही म्हणायला कारण सुचेना.

११ जून, दुपारी १
लेक आज गेली.

त्या शाळेत चार मशिनं आहेत. दारही आहे. मोठ्या बाईंकडून कळलं की परत गेलेल्या ग्रँटा अशाच शाळांकडे वळवतात, आपलीही बहुतेक तिकडेच गेली. म्हणजे शेवटी माझ्याच काटकसरीवर माझी लेक शिकणार. कुठलीही गोष्ट वाया जात नाही ती अशी. हे तिला नीट समजावून सांगितलं. ती बॅग भरत होती. हो म्हणाली.

निघताना म्हणाली, आई, स्टँडपर्यंत तरी येतेस? पण साहेबांचा निरोप होता, आज-उद्या कधीही पुन्हा मोजणीला येऊ, घरी थांबा. म्हटलं, बाबा आहेत ना सोबत. ती माझ्यासमोर वाकली. पाया पडतेय असं वाटून मी हात पुढे केला. ती टेबलाखालून बाहेर जात होती.

साहेब अजून आलेले नाहीत.

स्टँडवर जाण्यायेण्याचं माझं भाडं वाचलं. वाचलेलं जमेला धरत नाहीत, हे आता मला कळतं. तरी लिहिलं.