अण्णांचे उन्हातले सेल

भांडुप, जानेवारी १९७३

ती. भिकाजीमामांस जयवंताचा साष्टांग नमस्कार. गुडघ्याला आराम मामींच्या लेपाने पडला की मामींच्या धाकाने, ते कळवा. इकडे आम्ही सर्व ठीक, म्हणजे अण्णा सोडून.

आई गेल्यापासून अण्णा दिवसभर ट्रान्झिस्टर लावून बसतात, हे तुम्ही बाराव्याला आलात तेव्हा पाहिलंतच. सेल भराभर उतरत. मी मुलुंडच्या कारखान्यात इतकी वर्षं लोकांचे रेडिओ बनवतोय, वाटलं, बापासाठीही काही करावं. अण्णांच्या त्या जुन्या रेडिओच्या पोटात आवाज मोठा करणारे शेवटचे दोन ट्रान्झिस्टर असतात, ते कोणी बोलत नसलं तरी करंट खात बसायचे (आमच्या साहेबांसारखे). मी ते असे जोडले की आवाज आला तरच खायचं, एरवी उपास. पहिल्या खेपेला उपास फारच कडक झाला. बारीक आवाज तुटायला लागला आणि रेडिओवरची बाई हुंदके देत बाजारभाव सांगू लागली. अण्णांनी रेडिओ बंद केला आणि तुमच्या सुनेला, मालनला, विचारलं, "तिच्या घरात कोण गेला काय गो?"

मग उपास जरा सैल केला. काम झकास झालं. महिने उलटले तरी सेल उतरेनात. मी कॉलर ताठ करून फिरत होतो (तुमची सून साक्षीला आहे). अण्णा मात्र खिडकी सोडून भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. रेडिओ आपला गातोय, ताटातलं अर्धं तसंच. शेवटी मालननेच माझी हजेरी घेतली. आई उतरलेले सेल पापडांशेजारी खिडकीत उन्हात ठेवायची ना, त्यांत थोडा जीव येतो म्हणून, आणि अण्णांना कावळे हाकलायला बसवायची? ती गेल्यावरही अण्णा तसेच सेल मांडून तिथे बसत आणि तिच्याशी बोलत. शेजारच्या नंदाचं लग्न ठरलं, भाजीत मीठ कमी होतं, असलंच काहीतरी. मी कामावर असायचो, मला ठाऊकच नव्हतं. मामा, माझ्या हुशारीने त्यांची तेवढी जागा गेली. फार वाईट वाटतं.

मामींना नमस्कार, आणि गुडघ्यालाही.

तुमचा भाचा,
जयवंत

ता. क. जुनी जोडणी परत बसवली. माझं सर्किट फसलं असं अण्णांना सांगितलं. बऱ्याच दिवसांनी हसले.

आणखी ता. क. पण नवे सेल उतरायला वेळ लागतो आणि अण्णा रोज ऊन बघून येतात. तुमच्या बॅटरीतले उतरलेले सेल फेकू नका, कोणी मुंबईला येत असेल त्याच्याबरोबर पाठवा. फक्त पार मेलेले नकोत, थोडी धुगधुगी असू द्या. उन्हात ठेवल्यावर जरा तरी बोलले पाहिजेत.