निळं झाकण, हिरवं झाकण

५ जानेवारी, रविवार

झालं ते असं.
१. दुसऱ्या शहरात कंपनीचा नवा कारखाना निघतोय. तिथली रंगांची प्रयोगशाळा सांभाळशील का, असं साहेबांनी विचारलं.
२. मी म्हटलं, विचार करून सांगते. मार्चअखेरपर्यंत मुदत मिळाली.
३. परदेशात दादाला फोन केला. बाबा एकटे राहू शकतील का, एवढाच प्रश्न होता.
४. दादा म्हणाला, "त्यांना काहीतरी नाद लावून दे."
५. काल खोकं आलं. पंचवीस लिटरची काचेची टाकी, दिवा, छोटा पंप, मिठाची पिशवी. सोबत दादाचा निरोप – घरात समुद्राचा एक तुकडा!
६. बाबा म्हणाले, "हे धुवायचं कोणी?"

पंचवीस लिटर. याहून जास्त पाणी आमच्या कपडे भिजवायच्या टबात मावतं. त्याला समुद्र म्हणणारा माझा सख्खा भाऊ आहे, आणि वर इंजिनिअर!

बदलीचं बाबांना सांगितलं. "जा की. मला काय धाड भरलीय?" एकतीस वर्षं बस चालवली, आरशालासुद्धा ओरखडा नाही, हे पुन्हा ऐकवलं. आई गेल्यापासून भाजी जळते, दूध उतू जातं, गुडघा दुखतो म्हणून स्कूटर विकून टाकली, ते मात्र ऐकवलं नाही.

तरी दादाच्या खोक्याचा एक उपयोग आहे. टाकी बाबांच्या ताब्यात द्यायची. मार्चअखेरपर्यंत त्यांनी ती जिवंत ठेवली, तर ते स्वतःलाही नीट ठेवतील. मग मी जाईन. नाहीतर नाही. हे त्यांना सांगितलेलं नाही, फक्त दादाला. परीक्षेचा पेपर कोणी आधी दाखवत नाही.

९ जानेवारी

मासेवाल्याच्या दुकानात गेले. त्याचं नाव मी सर्वज्ञ ठेवलंय. "आज पाणी भरा मॅडम, उद्या मासे सोडा. केशरी जोडी घेऊन जा, लहान मुलं खूश होतात." घरात लहान मूल नाही, म्हटलं. "मग वडील खूश होतील."

नव्या पाण्यात अमोनिया साठतो आणि मासे मरतात, त्याचं काय? "अमोनिया आपण विकत नाही."

दगड आणि वाळू घेतली. दगड समुद्रातला, ओला, भोकाभोकांचा. त्यातले जिवाणू अमोनिया खातात. ते वाढून चाचणीत अमोनिया शून्य येईपर्यंत मासा आणायचा नाही. तीन-चार आठवडे. एवढं साधं आहे. सर्वज्ञाला मात्र रोज मेलेल्या माशांच्या जागी नवे विकायचे असतात.

१२ जानेवारी

पाणी भरलं. शेजारच्या काकू बघून गेल्या. "दगड पाळलाय होय?"

१८ जानेवारी

बाबांना काम नेमून दिलं. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज जेवढं पाणी उतरेल तेवढं गोडं पाणी भरायचं. खारं नाही. खारं मी रविवारी, थोडं जुनं पाणी काढून भरणार. दोन्ही कॅन टेबलाखाली शेजारी शेजारी. खाऱ्याला निळं झाकण, गोड्याला हिरवं. यापेक्षा सोपं काय असू शकतं!

बाबा म्हणाले, "वर मोठं लिहून ठेव ना."
म्हटलं, "लिहायला कशाला हवं? रंग आहेत."
"बरं मॅडम."

ते मला मॅडम म्हणतात तेव्हा समजायचं, की पटलेलं नाही.

२३ जानेवारी

बाबांनी ऑफिसात फोन केला. काच तडकली! टक् असा आवाज आला म्हणे. अर्धी रजा टाकून आले. काच धड. पाणी जिथल्या तिथे. "पण मी ऐकलं." ऐकलं! म्हटलं, बघितलंत का?

मी टाकीसमोर बसले आणि कपाटाचं दार आपटावं तसा आवाज आला – टक्! दगडाच्या भोकातून एक जाडी नांगी बाहेर आली आणि आत गेली. कोळंबी. दगडासोबत फुकटात आलेली. एक नांगी दुसरीच्या दुप्पट, ती मिटली की टक् वाजतं.

बाबांचा चेहरा बघवत नव्हता, इतका जिंकलेला.

१ फेब्रुवारी

अमोनिया शून्य. चार गोगलगायी आणि जांभळ्या टोकांचं एक मऊ प्रवाळ आणलं. फणसाच्या गऱ्याएवढं. बाबांनी दहा मिनिटं नाक काचेला लावून बघितलं आणि म्हणाले, "करडं काय आणलंस? जरा रंगीत तरी आणायचं." जांभळ्याला करडं म्हणणाऱ्या माणसाशी बोलायला मला पगार मिळत नाही.

९ फेब्रुवारी

सर्वज्ञाने गोबी दिला. बोटभर मासा, पांढऱ्यावर तपकिरी पट्टे. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती बीळ खणते, मासा दाराशी पहारा देतो. बाहेर आली की एक मिशी माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसला की मासा शेपूट हलवतो, ती आत. सर्वज्ञाचे डोळे पाणावले. "यालाच प्रेम म्हणतात मॅडम." याला भाडेकरार म्हणतात.

बाबांना मात्र फार आवडलं. "म्हणजे तिचं काही अडत नाही," म्हणाले.

१५ फेब्रुवारी

बाबा म्हणतात, पाणी हिरवट दिसतंय. सगळ्या चाचण्या केल्या. शेवाळ नाही, काही नाही. दिवा निळा आहे, पाणी निळं दिसतं. मी दिवसभर रंगांच्या छटा जुळवते. निळ्यात दीड टक्का हिरवा जास्त पडला तरी ड्रम परत पाठवते. आणि मला सांगतात, हिरवट!

२३ फेब्रुवारी

क्षारता पस्तीस. असायला हवी तेवढीच. पाच आठवडे बाबांनी एकदाही चूक केलेली नाही, हे नाइलाजाने लिहिते. साहेबांना होकार कळवावा, असं वाटायला लागलंय.

८ मार्च

बाबांना सर्दी. आठवडाभर नाक चोंदलेलं. आमटीला चव नाही, चहाला चव नाही. सगळ्याला नावं ठेवणं चालू आहे. स्वयंपाक मी केला होता, त्यामुळे ते तसंही चाललं असतं.

९ मार्च

क्षारता चाळीस!

उपकरण पुसून पुन्हा बघितलं. चाळीस. प्रवाळ मिटून सुपारीएवढं झालंय. दोन गोगलगायी उलट्या पडल्यात, मेल्या. कोळंबीचा आवाज नाही. गोबी बिळाच्या तोंडाशी एकटाच, कोणाच्या तरी मिशीची वाट बघत.

उतरलेल्या पाण्याच्या जागी रोज खारं पाणी पडलं तर आठवडाभरात एवढंच वाढतं. हिशोब चोख बसतो.

बाबांना विचारलं. "मी गोडंच घातलं." पुन्हा विचारलं. "गोडंच!" आणि उठून आत गेले. बेफिकिरी. निव्वळ बेफिकिरी. दोन झाकणं सांभाळता येत नाहीत आणि म्हणे मला काय धाड भरलीय.

थोडं थोडं पाणी काढून गोडं घालतेय. एकदम उतरवलं तर उरलेलेही मरतील. साहेबांना उद्या नकार कळवणार.

१० मार्च

साहेब दौऱ्यावर. पुढच्या सोमवारी येतील.

१३ मार्च

दादाचा फोन. "अगं, एका गोगलगाईवरून काय ठरवतेस?" दोन, म्हटलं.

१६ मार्च, रविवार

क्षारता साडेपस्तीसवर आली. प्रवाळ अर्धं उघडलं. बाबांची सर्दी गेली.

सकाळी दोन्ही कॅन उचलून त्यांच्यासमोर ठेवले. मोठ्याने बोलले नाही. मी मोठ्याने बोलत नाही. "बाबा, यातलं गोडं कुठलं ते दाखवा."

त्यांनी झाकणांकडे बघितलंच नाही. जवळचा कॅन उघडला, बोट बुडवलं, जिभेला लावलं. "हे खारं." दुसरं चाखायची गरजही पडली नाही. माझ्यासमोर, रोज करत असल्यासारखं.



"आता बरोबर कळतं," ते म्हणाले. "सर्दीत घोटाळा झाला. तेव्हा सगळं गोडंच लागत होतं."

"झाकणाचा रंग दिसत नाही?"
"दिसतो की. दोन्हींचा सारखाच."
"कधीपासून?"
"बस सोडली तेव्हापासून, थोडं थोडं. पिवळ्या काचेतून बघावं तसं."
"म्हणून स्कूटर विकलीत."
"गुडघाही दुखतो," म्हणाले. तेवढा मान राहू दे, अशा आवाजात.

"मला का नाही सांगितलंत?"
"सांगितलं असतं तर गेली असतीस का तू?" मग, "मोठं लिहून ठेव म्हटलं होतं मी."

खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

१७ मार्च

साहेब आले. मी काही कळवलं नाही. येताना रंगछटांची जुनी कार्डं घरी आणली. बाबांना गठ्ठे करायला सांगितले. निळ्या, हिरव्या आणि मधल्या सगळ्या एका गठ्ठ्यात. जांभळ्या करड्यांत. लाल-पिवळ्या अचूक. मोतीबिंदूने डोळ्याचं भिंग पिवळं पडलं की निळं आधी जातं. हे मला ठाऊक आहे. कॉलेजात यावर पेपर लिहिला होता, मार्कही चांगले पडले होते.

हिरवट पाणी. करडं प्रवाळ. दूध उतू जाणं – गॅसची ज्योतही निळीच. त्यांनी तोंडाने सांगितलं, मी त्यावर इथे विनोद केले.

कार्डं गोळा करताना बाबा म्हणाले, "किती पडले मार्क?" म्हटलं, नापास. "मग तू जायची नाहीस?" माझ्या परीक्षेचा पेपर त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होता. दादाने सांगितला. दादाच्या पोटात काही राहत नाही.

म्हणजे सहा आठवडे हा माणूस रोज समुद्र चाखत होता, मी जावं म्हणून.

२० मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बघू." त्यांच्या बघूचा अर्थ नाही असा होतो.

२२ मार्च

दुपारी स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, वाजली!" मी ऐकलं नव्हतं. जाऊन बसले. टक्. कोळंबी बाहेर आली, मिशी माशाच्या पाठीवर. सर्वज्ञाला हे कळवणार नाही.

मग पांढरा कागद घेतला, जाड काळा मार्कर घेतला, मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं आणि टाकीच्या काचेवर चिकटवलं. रंग वापरला नाही.

बाबा,
गुरुवारी सकाळी डोळ्यांचे डॉक्टर.
ऑपरेशन झालं तर मी जाईन. नाही झालं तर जाणार नाही.
येणार का, ते मंगळवारपर्यंत सांगा.