टॅब्लेटच्या कपाटाची किल्ली

सोमवार, ४ ऑगस्ट
शाळेत टॅब्लेट आले. वीस. पहिलीच्या पोरांसाठी! ट्रस्टी चंद्रप्रकाशजींची देणगी. ज्यांना स्वतःचा शेंबूड पुसता येत नाही त्यांच्या हातात कॉम्प्युटर. शी! मालाडच्या या शाळेत सव्वीस वर्षं पहिली ‘अ’ शिकवतोय मी, आणि शिकवलं ते पाटीवर. स्टाफरूममध्ये उभा राहून कडक बोललो. सगळे गप्प. पटलं असणार. फक्त पहिली ‘ब’ची शर्लिन टीचर डबा खात राहिली. कालची पोर. रोज मनोरीहून बोटीने मार्वेला येते, तिथून बसने शाळेत. डब्यात रोज मासे.

संकल्प : टॅब्लेट हटाव. दिवाळीच्या आत.

मंगळवार, ५ ऑगस्ट
प्रिन्सिपल सुलक्षणा मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, जयवंत सर, एवढी कळकळ आहे ना, मग टॅब्लेट सांभाळायचे तुम्हीच. कपाटाची किल्ली हातात ठेवली. जो बोलेल त्यालाच कामाला लावायचं, ही या शाळेची जुनी खोड. पण मी ओळखलं, मॅडम मनातून माझ्याच बाजूच्या आहेत.

आणखी ठरलं ते असं. ‘ब’ टॅब्लेटवर शिकणार, ‘अ’ माझ्याकडे पाटीवर. ३० सप्टेंबरला, पाटीपूजनाच्या दिवशी, ट्रस्टींसमोर प्रत्येक पोराने फळ्यावरच्या दहा ओळी वाचायच्या. जो वर्ग सरस, त्याची पद्धत दिवाळीनंतर दोन्ही वर्गांना. हरलो तर माझ्या पाट्या भंगारात. हरण्याचा प्रश्नच येत नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट, सायंकाळी ५.२०
‘ब’कडून टॅब्लेट परत घेतले. किळस. दुसरा शब्द नाही. चारांवर जाम. सहांवर गुलाबजामचा पाक, कुणाचा तरी वाढदिवस होता म्हणे. एकावर नाकातलं... पुढे लिहवत नाही. एका कार्ट्याने तर स्क्रीनवरचा आंबा चाटला. मी बघितलं. शर्लिन टीचर म्हणाली, सर, ओल्या फडक्याने जरा पुसून ठेवा ना. मी शिक्षक आहे, धुणीभांडी करायला आलेलो नाही. होते तसे कपाटात रचले, किल्ली खिशात.

त्यापेक्षा माझी पोरं बघा. पाटीवर थुंकायचं, कोपराने पुसायचं, पाटी लख्ख. ना पाणी, ना फडकं. याला म्हणतात संस्कार. गंधालीने आज अर्धी पेन्सिल खाल्ली. तिची आई चिडून आली होती. मी म्हटलं, कॅल्शियम असतं त्यात.

सोमवार, ११ ऑगस्ट
टॅब्लेट चार्ज नाहीत म्हणून शर्लिनची कटकट. कपाटाजवळ सॉकेट एकच, त्यावर पाण्याचा कूलर. पोरांना तहानेने मारू? नियम केला : टॅब्लेट हवे असतील तर आदल्या दिवशी लेखी अर्ज, दोन प्रती, मॅडमच्या सहीने.

मंगळवार, १२ ऑगस्ट
अर्ज आला. एकच प्रत. परत केला.

गुरुवार, १४ ऑगस्ट
शर्लिन आज मागायला आलीच नाही. नाद सोडला वाटतं. पहिला विजय.

गुरुवार, २१ ऑगस्ट
ट्रस्टींना द्यायचं निवेदन लिहायला घेतलंय. ‘टॅब्लेट : बालमनावर घाला’. पान सातवं, मुद्दा चौदावा, डोळे. घरी वेळ होत नाही म्हणून वर्गातच लिहितो. पोरांना आठवडाभर ‘क’ची बाराखडी गिरवायला दिलीय.

जेवण झाल्यावर मुद्द्यांची जुळवाजुळव करायला दहा मिनिटं डोळे मिटले. उघडले तेव्हा सव्वातीन. पण वर्गात काय शांतता! अठरा पोरं आणि चूं नाही. ही पाटीची शिस्त. आणि सगळ्या पाट्या भरलेल्या! मी न शिकवलेले शब्द. बोट. जेटी. मनोरी. बोंबील. हातात पाटी असली की ज्ञान आपोआप येतं, हा मुद्दा निवेदनात घालायलाच हवा. पण भर श्रावणात माझ्या वर्गात बोंबील? पुसायला लावलं. गंधालीने थुंकून पुसलं. गुणी पोर.

रविवार, ३१ ऑगस्ट, देवगड
गणपतीला गावी. शाळेला सुट्टी पाच दिवस, मी घेतली बारा. माझ्या वर्गाकडे शर्लिन बघेल. बघायचं काय आहे म्हणा, पोरं स्वावलंबी आहेत.

सुगंधा सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाली, परीक्षा पोरांची, आणि हे अभ्यास करतायत निवेदनाचा. शिकवता कधी? वर, तुमच्यान काय एक होवचा नाय. सगळे हसले. सत्तावीस वर्षांच्या संसारात या बाईला माझा एकही वैचारिक लढा कळलेला नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर
संकल्प : आजपासून रोज अर्धा तास वाचन घेणार. आज निवेदनाची फेअर कॉपी राहिलीय. उद्यापासून.

मंगळवार, १६ सप्टेंबर
उद्यापासून नक्की.

सोमवार, २२ सप्टेंबर
कपाटाखाली मुंग्यांची रांग. ई! बघा, टॅब्लेटचे परिणाम. मुद्दा एकतिसावा : टॅब्लेटला मुंग्या लागतात. पाटीला कधी मुंगी लागलेली बघितलीय?

गुरुवार, २५ सप्टेंबर
दुपारी चिंतन मोडलं ते ‘ब’मधल्या कोलाहलाने. सगळे एका सुरात ओरडून काहीतरी वाचत होते. एकोणीस पोरांचा एवढा आवाज? सदतीस असल्यासारखा! शर्लिनचा वर्गावर कंट्रोल नाही. डोळे न उघडता मनातल्या मनात निषेध केला. माझ्या वर्गात मात्र पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

वाचन घ्यायचं राहिलं. पण कशाला उगाच पोरांवर ताण.

मंगळवार, ३० सप्टेंबर, सकाळी
आज. इस्त्रीचा शर्ट. निवेदन, बत्तीस पानं, खिशात मावत नाही म्हणून पिशवीत. भाषणही पाठ.

त्याच दिवशी, सायंकाळी
लिहावं की नाही कळत नाही. क्रमाने लिहितो.

पाट्यांवर सरस्वती काढली, हळदकुंकू वाहिलं. मग माझा वर्ग आधी. गंधाली उभी राहिली आणि दहा ओळी घडाघडा वाचल्या. मग दुसरा. मग तिसरा. अठराच्या अठरा! एकटा काय तो एका जोडाक्षराला अडखळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. मग ‘ब’ची पोरं. तीही तशीच घडाघडा. बरोबरी. हा पाटीचा विजय आहे, हे सांगायला मी भाषणाला उठलो.

तेवढ्यात चंद्रप्रकाशजींनी गंधालीला विचारलं, बेटा, कुणी शिकवलं? मी कॉलर नीट केली. ती म्हणाली, शर्लिन टीचरनी. सर झोपले की आम्ही सगळे पाट्या घेऊन ‘ब’मध्ये जातो. एक जण दारात उभा राहतो. सर हलले की पळत परत. हे सगळं पोरीने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

मॅडमनी शर्लिनला विचारलं, आणि टॅब्लेट? ती म्हणाली, अकरा ऑगस्टपासून मिळालेच नाहीत, म्हणून बोटींची नावं, बसच्या पाट्या, बिस्किटांची कागदं, दिसेल ते वाचून घेतलं. सरांना उठवलं नाही, दमलेले असतात. तक्रार का नाही केलीस? तर म्हणे, पोरं शिकत होती ना, मग भांडण कशाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कपाट उघडायला सांगितलं. किल्ली फिरली, दार चिकटलेलं. शिपायाने ओढलं. मुंग्या. शेकड्यांनी. वीस टॅब्लेट पाकाने एकमेकांना घट्ट चिकटून एक झाले होते, आणि वरच्या जामावर हिरवी बुरशी, केसाळ. चंद्रप्रकाशजींनी नाकाला रुमाल लावला. एक मुंगी माझ्या इस्त्रीच्या बाहीवर चढली.

निवेदन कुणी मागितलं नाही. अजून पिशवीत आहे.

बुधवार, १ ऑक्टोबर
निर्णय झाला. टॅब्लेट दुरुस्त करून सातवीला. पहिलीला पाटीच. म्हणजे माझं म्हणणं शंभर टक्के मान्य झालं! फक्त ‘अ’ आणि ‘ब’ दिवाळीनंतर एकत्र, शर्लिनकडे. आणि मी टॅब्लेट कक्षाचा प्रमुख. पूर्ण वेळ.

सुगंधाला प्रमोशन म्हणून सांगितलं. तिने फक्त बघितलं आणि कुकर लावला.

सोमवार, ३ नोव्हेंबर
जिन्याखालची खोली. खिडकी नाही. टेबलावर वीस टॅब्लेट. आज साफ करून द्यायचेत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या पहिल्या दिवशी समोर पोरं नाहीत. बरं वाटत नाही.

दुपारी गंधाली दारात आली. बाहेरची पाटी मोठ्याने वाचली, टॅब्लेट कक्ष, प्रमुख श्री. जयवंत परब, चपला बाहेर काढाव्यात. कुठेही अडखळली नाही. मग आत डोकावून विचारलं, सर, इथे दारात उभं राहायला पोरंच नाहीत, मग तुम्ही उठलात हे आम्हाला कळणार कसं? मी म्हटलं, आता झोपणार नाही. तिला खरं वाटलं नसावं. वाचनाचा तास आहे म्हणाली आणि पळाली.

एका टॅब्लेटवरचा जाम काही केल्या निघेना. फडकं कोरडं. नळ दुसऱ्या मजल्यावर. दाराबाहेर कुणी नाही हे बघून घेतलं. थोडी थुंकी लावली, कोपराने पुसलं.

लख्ख निघाला.